इंजिनाची नाडी आता मोबाइलवर
छोट्या टेम्पोच्या मालकाने काय वाचावे आणि काय करू नये?

भिवंडीत माल तयार होतो तो मागावर, पण त्याचा पैसा होतो तो चाकांवर. कारखान्यातून कोऱ्या कापडाचे तागे काढायचे, घडीवाल्याकडे न्यायचे, तेथून ट्रान्सपोर्टच्या गोदामात किंवा प्रोसेस हाऊसला पोचवायचे, ही सारी धावपळ छोटे टेम्पोच करतात. पूर्वी असा टेम्पो भाड्याने बोलावीत. आता पुष्कळ व्यापाऱ्यांनी स्वतःची गाडी घेतली आहे आणि त्यांतल्या बऱ्याच सीएनजीवर चालतात. मीटरमागे पैशांत नफा मोजणाऱ्याला गाडीने अधिक इंधन पिणे परवडत नाही. म्हणून आज कापडाचा भाव बाजूला ठेवून आम्ही इंजिनाविषयी लिहीत आहोत.

टायमिंग म्हणजे काय, हे भिवंडीकराला शिकवण्याची गरज नाही. साध्या मागावर क्रँकच्या ठराविक अंशावर मार बसला पाहिजे. मार उशिरा बसला तर धोटा ताण्यात अडकतो आणि शेकडो तार एकदम तुटतात. जॉबरची सारी कमाई या काही अंशांच्या जाणकारीवर असते. इंजिनाचेही तसेच आहे. पिस्टन वर पोचण्याच्या काही अंश आधी प्लगची ठिणगी पडावी लागते. ती उशिरा पडली तर ताकद वाया जाते आणि इंजिन तापते. फार लवकर पडली तर इंजिन ठोकू लागते. दुसरी गोष्ट मिश्रणाची. एक किलो पेट्रोल पुरते जाळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. सीएनजीला याहून अधिक, सुमारे १७ किलो. हवा जास्त झाली तर मिश्रण पातळ, इंधन जास्त झाले तर गाढे. पातळ मिश्रणाने गाडी ओढत नाही, गाढ्याने खिसा रिकामा होतो.

कार्बोरेटरच्या जमान्यात मिस्त्री डिस्ट्रिब्युटर फिरवून टायमिंग लावीत आणि स्क्रू फिरवून मिश्रण. त्यांचा कान हेच त्यांचे यंत्र होते. आता हे दोन्ही काम गाडीतील संगणक करतो. ऑक्सिजन सेन्सर धुरातील शिल्लक प्राणवायू मोजतो आणि त्यावरून संगणक क्षणोक्षणी इंधन कमी-जास्त करतो. अमेरिकेत १९९६ पासून प्रत्येक नव्या मोटारीत या संगणकाशी बोलण्याचे एकसारखे सॉकेट सक्तीचे झाले. आपल्याकडे २०१० पासून बीएस-४ मोटारींत ही व्यवस्था टप्प्याटप्प्याने आली आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम देशभर लागू झाले. स्टीअरिंगखाली १६ पिनांचे सॉकेट दिसेल, तेच हे.

या सॉकेटमध्ये बसणारा ब्लूटूथ अडॅप्टर काही शे रुपयांपासून मिळतो. मोबाइलवर ‘टॉर्क’सारखे अ‍ॅप घेतले की संगणकाला जे दिसते ते आपल्यालाही दिसते. मात्र घेताना पारख करावी. ‘ईएलएम ३२७’ या नावाची मूळ चिप कॅनडाच्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सची होती. आज बाजारात त्या नावाने नकला फार आहेत, आणि फार स्वस्त नक्कल काही गाड्यांशी बोलतच नाही. आपल्या गाडीवर लावून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आकडे पुष्कळ दिसतात. मालकाने तीनच पाहावेत.

पहिला आकडा फ्युएल ट्रिम. संगणक ठरलेल्या मापापेक्षा किती टक्के इंधन वाढवतो किंवा घटवतो, ते यात दिसते. लाँग टर्म ट्रिम शून्याच्या आसपास, साधारण अधिक-उणे १० च्या आत असेल तर चिंता नाही. सतत अधिक २० दिसले तर कुठून तरी जादा हवा शिरते आहे किंवा इंधन कमी पोचते आहे. सतत उणे २० असेल तर इंधन जास्त जाते आहे. अशा वेळी पी०१७१ म्हणजे पातळ किंवा पी०१७२ म्हणजे गाढे, असा कोड येतो.

दुसरा आकडा टायमिंग अ‍ॅडव्हान्स, अंशांत. चढावर किंवा भरलेल्या गाडीत तो वारंवार एकदम खाली येत असेल, तर इंजिन ठोकते आहे म्हणून संगणक ठिणगी मागे घेत असण्याचा संभव असतो. तिसरा आकडा कूलंटचे तापमान. अंजूरफाट्याच्या कोंडीत उभ्या गाडीत तो चढत राहिला तर पंखा व पाणी आधी तपासावे.

सीएनजीवाल्यांसाठी एक सोपी पारख आहे. गाडी तापल्यावर आधी पेट्रोलवर आणि मग गॅसवर ट्रिम पाहावी. दोन्हींवर बिघडलेली असेल तर हवेची गळती किंवा सेन्सर संशयात येतो. फक्त गॅसवर बिघडली तर रेग्युलेटर, गॅस फिल्टर आणि गॅस इंजेक्टर पाहावेत. डिझेल गाडीत ठिणगी नसते, म्हणून हे हिशोब तिला जसेच्या तसे लागू नाहीत.

आमच्या एका सीएनजी टेम्पोची अ‍ॅव्हरेज घटली, तेव्हा एका गॅरेजने ऑक्सिजन सेन्सर बदलण्यास सांगितले. अ‍ॅपवर ट्रिम दोन्ही इंधनांवर अधिक २० च्या पुढे होती, पण सेन्सरचा आकडा हलत होता. सेन्सर जिवंत होता. दुसऱ्या मिस्त्रीने शोधले तर हवेची एक रबरी नळी चिरलेली निघाली. काम नळीच्या किमतीत झाले.

येथेच खरा मुद्दा आहे. कोड हा रोगाचे लक्षण सांगतो, कारण सांगत नाही. पी०१७१ वाचून कोणी सेन्सर बदलील, कोणी पंप. चिरलेली नळी शोधायला हात, डोळा आणि अनुभवच लागतो. म्हणून अ‍ॅप हातात आले की मिस्त्रीशी हुज्जत घालू नये. आकड्यांचा फोटो दाखवून इतकेच विचारावे, ‘उस्ताद, हा भाग का बदलायचा?’ चांगला कारागीर या प्रश्नाने नाराज होत नाही.

काही दक्षता आवश्यक आहेत. चालकाने गाडी चालवताना स्क्रीन पाहू नये; शेजारी बसलेल्याने पाहावे. दिवा विझावा म्हणून कोड पुसू नये. त्याने दोष जात नाही, फक्त पुरावा जातो. रात्री अडॅप्टर काढून ठेवावा, नाहीतर उभ्या गाडीची बॅटरी उतरू शकते. आणि हे साधे अ‍ॅप आकडे वाचते, टायमिंग बदलत नाही. बदलून देतो म्हणणाऱ्यापासून दूर राहावे.

आमच्या कारागीर बांधवांनीही याचा विचार करावा. साधे माग जाऊन रेपिअर व एअरजेट आले, तेव्हा ज्या जॉबरने पॅनेलवरचे अंश वाचायला शिकून घेतले त्याची किंमत वाढली. गॅरेजातील मुलांपुढे आज तीच वेळ आहे. उस्तादाचा कान आणि शागिर्दाचा मोबाइल एकाच गॅरेजात नांदले, तर गिऱ्हाइकाचा पैसा वाचेल आणि हुनरही टिकेल.

व्यापारी बांधवांनी सुरुवात लहान करावी. गाडी नीट चालत असतानाच हे तीन आकडे वहीत तारखेसह लिहून ठेवावेत व दर महिन्याला पुन्हा पाहावेत. निरोगी गाडीचे आकडे ठाऊक असतील, तरच आजारी गाडीचे ओळखता येतील.