परसभर पाण्यावरचे माळवे

बीडहून सोलापूरच्या रस्त्याने मांजरसुंबा गाठावे आणि तेथून पाटोद्याकडे वळावे, म्हणजे वाटेत लिंबागणेश लागते. भालचंद्र गणेशाचे प्राचीन क्षेत्र म्हणून हे गाव परिचित आहे. त्याची भौगोलिक ओळख मात्र फारशी कोणी लक्षात घेत नाही. गाव बालाघाटाच्या माथ्यावर आहे. या माथ्याच्या एका अंगाचे पाणी बिंदुसरा आणि सिंदफणेच्या वाटेने गोदावरीस मिळते. शेजारच्या पाटोदा तालुक्यात उगम पावणारी मांजरा दुसऱ्या अंगाचे पाणी घेऊन फार लांबचा वळसा घालते आणि अखेर गोदावरीलाच मिळते. माथ्यावरच्या गावाकडे दुसऱ्या कोणाचे पाणी वाहत येत नाही. आपले मात्र दोन्ही बाजूंनी निघून जाते. खाली काळा कातळ, वर कोठे वीतभर तर कोठे हातभर माती. पावसाळ्यात जेवढे मुरेल तेवढेच विहिरीत, आणि विहिरीत असेल तेवढेच माळव्याला.

मराठवाड्यात भाजीपाल्याला माळवे म्हणतात. पुण्या-मुंबईत वाढलेल्या पिढीच्या कानावर हा शब्द आता क्वचितच पडत असेल. शेतकऱ्याच्या घरात कापूस, सोयाबीन किंवा ऊस यांचे पैसे वर्षातून एकदा येतात. माळव्याचे पैसे आठवडी बाजाराला येतात. बँकेच्या भाषेत सांगायचे तर ऊस-कापूस ही मुदत ठेव आणि माळवे हे चालू खाते. तेल, साखर, मुलांच्या वह्या, दवाखाना हा सारा किरकोळ खर्च या खात्यातून निघतो. म्हणूनच कडक उन्हाळ्यात पाच-दहा गुंठ्यांचा वाफा वाळतो तेव्हा सरकारी पाहणीत त्याची दखल घेण्याजोगी नोंद होत नसली, तरी घरातला दर आठवड्याचा पैसा थांबलेला असतो. हे माळवे बहुतेक घरांत बायकांच्या हातचे असते. तोडणी त्यांची, निवडणी त्यांची आणि बाजारात पाटी घेऊन बसणेही पुष्कळदा त्यांचेच.

बीड जिल्ह्याचे सरासरी पर्जन्यमान सुमारे ६६६ मिलिमीटर आहे. आकडा अगदीच तुटपुंजा नाही. परंतु सरासरी ही मोठी फसवी गोष्ट असते. दोन वर्षे भरपूर आणि तिसऱ्या वर्षी निम्मा पाऊस झाला तरी सरासरी बरी दिसते. विहीर मात्र त्या-त्या वर्षीच्याच पावसावर जगते. १९७२ चा दुष्काळ वडीलधाऱ्यांच्या आठवणीत आहे. त्यानंतर २०१२-१३, २०१५-१६ आणि २०१८-१९ ही वर्षे अशीच कोरडी गेली. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले, ही बातमी देशभर गाजली. लातूरला पाणी देणारे धनेगावचे धरण बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात आहे आणि ते मांजरेवर आहे. ज्या नदीचा उगम लिंबागणेशच्या परिसरापासून फार दूर नाही, तिचेच धरण त्या वर्षी कोरडे पडले होते.

आता विहिरीचा हिशेब पाहू. खेड्यात विहिरीचे पाणी फुटांत किंवा मीटरमध्ये मोजत नाहीत, परसांत मोजतात. एक परस म्हणजे साधारण पुरुषभर उंची, सुमारे सहा फूट. वीस फूट व्यासाच्या गोल विहिरीत एक परस पाणी असेल तर ते अंदाजे पन्नास हजार लिटर भरते. ऐकताना ते पुष्कळ वाटते. एप्रिल-मे महिन्यांत भाजीच्या पिकाला रोज साधारण सहा मिलिमीटर पाणी लागते असे धरले, तर अर्ध्या एकराला दिवसाला बारा हजार लिटर हवेत, म्हणजे एका मोठ्या टँकरइतके. पाझर थांबलेला असेल तर परसभर पाणी चार दिवसांत संपते. ठिबक असेल तर तेच पाणी आठवडाभर, फार तर थोडे अधिक पुरते. म्हणून जाणता शेतकरी पौष-माघातच विहिरीत डोकावून वाफ्यांची संख्या ठरवतो. मार्चअखेर किती परस उरतील याचा त्याचा अंदाज बहुधा चुकत नाही. अर्ध्या एकराऐवजी सहाच गुंठे लावायचे, असे त्या वेळी ठरवणे जड जाते, कारण तेव्हा विहीर अर्धी भरलेली असते आणि उन्हाळी माळव्याला भाव चांगला मिळेल हे सर्वांनाच ठाऊक असते. कर्जाच्या बाबतीतही असेच घडते. परतफेडीची कुवत पाहून रक्कम ठरवावी हे सारेच मान्य करतात. पण समोर रक्कम मंजूर होत असताना कमी घेणारा विरळाच.

पाणी पुरेसे असले म्हणजे माळवे तरले, असेही नाही. पाण्याच्या टंचाईने होणारे नुकसान डोळ्यांना दिसते. नुसत्या उष्णतेने होणारे नुकसान पुष्कळदा उशिरा लक्षात येते. टोमॅटोचे झाड मे महिन्यात हिरवेगार दिसते, त्याला फुलेही येतात, पण फळ धरत नाही. दिवसाचे तापमान पस्तीस अंशांच्या बरेच पुढे गेले आणि रात्रही चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली उतरली नाही, तर टोमॅटोचे परागकण निकामी होतात आणि फूल देठापासून गळून पडते. मिरचीचेही बरेचसे असेच होते. बीडच्या पट्ट्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळीस अंशांच्या वर जाणे हा नित्याचा प्रकार आहे. पण घातक ठरते ती उकाड्याची रात्र. दिवसा भाजून निघालेल्या झाडाला रात्री विसावा मिळाला तर ते सावरते. रात्रीही गरम राहू लागल्या की कितीही पाणी द्या, झाडाचे काही चालत नाही.

धरलेले फळही निर्वेध वाढेल याची शाश्वती नसते. पाणी एक दिवस भरपूर आणि चार दिवस नाही असे झाले, तर झाडात चुना म्हणजे कॅल्शियम नीट पोहोचत नाही आणि टोमॅटोच्या तळाशी काळा, चामड्यासारखा डाग पडतो. पाने विरळ असतील तर थेट उन्हाने फळाची कातडी पांढरट पडून करपते. टोमॅटोला लाल रंग देणारे द्रव्य फार उष्णतेत तयार होत नाही. म्हणून उन्हाळी टोमॅटो पिकूनही पिवळट-नारिंगी राहतो आणि बाजारात गिऱ्हाईक त्याला कच्चा समजून बाजूला सारते. काकडी आणि दुधी यांत पाण्याच्या ताणाने कडवटपणा उतरतो. येथे गृहिणींसाठी एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. काकडीचे टोक कापून चव पाहण्याची जुनी रीत चांगलीच आहे, पण दुधी कडू निघाला तर त्याची भाजीही करू नये आणि रस तर मुळीच घेऊ नये. त्यातील कडू द्रव्य विषारी असते आणि अशा रसाने माणसे गंभीर आजारी पडलेली आहेत.

कोरड्या हवेत किडीही वेगळ्या येतात. पावसाळी बुरशी नसते, हे खरे. परंतु पांढरी माशी, फुलकिडे आणि लाल कोळी यांना असे दिवस फार मानवतात. फुलकिडे मिरचीची पाने चुरमडून टाकतात, तर पांढरी माशी भेंडीवर केवड्याचा रोग पसरवते. पाने पिवळी पडतात, शेंगा फिकट आणि राठ होतात. या रोगाला तोंड देणारे 'परभणी क्रांती' हे भेंडीचे वाण मराठवाड्यातल्याच कृषी विद्यापीठाने १९८० च्या दशकात दिले, याचा या भागाला अभिमान वाटावा. रानभेंडीच्या एका जातीशी संकर करून ते तयार झाले. पुढे त्याची प्रतिकारशक्ती उणावत गेली, रोगाने आपले रूप बदलले आणि संशोधकांना नव्या वाणांमागे लागावे लागले. हे विद्यापीठ परभणीत १९७२ साली, म्हणजे नेमके महादुष्काळाच्या वर्षी स्थापन झाले.

या सगळ्यांत टिकून राहतात त्या गवार, चवळी, भेंडी, दोडका आणि कारले. गवारीचे मूळ खोल जाते आणि थोडक्या पाण्यावर ती तग धरते. कोथिंबिरीला मात्र उन्हाळा सोसत नाही. तापलेल्या मातीत धने नीट उगवत नाहीत, उगवले तर दोन-चार पानांतच तुरा येतो. मे महिन्यात कोथिंबिरीची जुडी महाग का, याचे उत्तर व्यापाऱ्याच्या तराजूत शोधण्यापूर्वी या तापलेल्या मातीत शोधावे.

कांदा, बटाटा, लसूण, गाजर, मुळा न खाणाऱ्या जैन घरांत हा प्रश्न आणखी जवळून जाणवतो. जमिनीखालचे कंद साठवणीत टिकतात आणि उन्हाळ्यात इतर स्वयंपाकघरांना आधार देतात. कंदमूळ वर्ज्य असलेल्या घराचा सारा भार वेलीवरच्या आणि झाडावरच्या भाज्यांवर, म्हणजे नेमक्या उन्हाने पोळणाऱ्या भाज्यांवर येतो. आपल्या आज्या-पणज्या माघ-फाल्गुनात गवारीच्या शेंगा, भेंडीच्या चकत्या, कारल्याच्या काचऱ्या वाळवून डब्यात भरून ठेवीत, त्यामागे हीच दूरदृष्टी होती. तिथीला हिरवे वर्ज्य असल्याने डाळी-कडधान्यांचीही सोय असे. फ्रीज आल्यापासून वाळवणाचे डबे माळ्यावर गेले आणि मेमधल्या भाववाढीची तक्रार मात्र वाढली.

भावाचा व्यवहारही विचित्र आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात टोमॅटोला काढणीची मजुरी निघेल एवढाही दर मिळेना, म्हणून अनेक शेतकऱ्यांनी बागा सोडून दिल्या. त्याच वर्षी जुलैमध्ये शहरांत टोमॅटो किलोला शंभर रुपयांच्या पुढे गेला. भाव असतो तेव्हा माल नसतो आणि माल असतो तेव्हा भाव नसतो. उन्हाळ्यात ज्याच्या विहिरीत दोन परस पाणी टिकले, त्याला या तेजीचा लाभ होतो. पण पुष्कळदा त्याच वेळी गावचा पाणीपुरवठा आटतो आणि तहसील कार्यालयाकडून त्याच विहिरीच्या अधिग्रहणाचा आदेश येतो. पाणी उरले आहे म्हणूनच ती विहीर निवडली जाते. माणसांच्या घागरी आधी, मग जनावरे, मग पीक, हा क्रम कोणी नाकारीत नाही आणि नाकारू नये. शेतकऱ्याला दिवसाप्रमाणे ठरावीक मोबदलाही मिळतो. मात्र फळावर आलेला दोडका आठ दिवस कोरडा राहिला तर त्या मोबदल्याने तो परत येत नाही. थोडे लावून पाणी राखणाऱ्या माणसाच्या काटकसरीचा लाभ असा सबंध गावाला होतो. निदान त्याच्या वाफ्यांपुरते तरी पाणी राखून उरलेले घ्यावे, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

सावलीच्या जाळीने बराच फरक पडतो. ऊन निम्मे अडवणारी हिरवी जाळी कोथिंबीर, मेथी आणि रोपवाटिकेला उपयोगी पडते. फळभाज्यांना एवढी दाट सावली नको असते. त्यांच्याभोवती दक्षिण-पश्चिमेस मका किंवा शेवरीची ओळ लावली तरी तप्त वारा अडतो. पानमळ्याला शेवरीची सावली देण्याची कला मराठवाड्यात फार जुनी आहे, तीच येथे कामी येते. बुडख्याशी उसाचे पाचट किंवा गव्हाचे काड पसरले की ओल टिकते. ठिबकाच्या नळ्या उघड्यावर असतील तर दुपारी त्यांतले पाणी हाताला चटका बसेल इतके तापते. म्हणून पाणी पहाटे द्यावे. पण पहाटे द्यावे म्हटले तरी मोटारीची वीज वेळापत्रकाप्रमाणे येते. ती दुपारी आली तर दुपारी, रात्री आली तर बॅटरी घेऊन रात्री, अशी दारे धरावी लागतात.

शेततळ्यांबद्दल मात्र थोडे सावधपणे बोलले पाहिजे. २०१६ पासून 'मागेल त्याला शेततळे' योजनेतून राज्यात मोठ्या संख्येने तळी झाली. पावसाचे वाहते पाणी त्यात साठवले तर ते उत्तमच. पण विहिरीचे किंवा बोअरचे पाणी उपसून तळे भरले, की जमिनीखाली झाकलेले पाणी आपण उन्हात उघडे ठेवतो. तीस मीटर लांब-रुंद तळ्यातून रोज दहा मिलिमीटर बाष्पीभवन धरले तर दिवसाला नऊ हजार लिटर पाणी उडून जाते. ज्याच्याकडे तळे नाही त्या शेजाऱ्याची विहीर त्याच उपशाने खाली जाते, हे वेगळेच.

याउलट जुन्यांनी पाणी जमिनीखालूनच नेले. बीड शहराजवळची खजाना बारव सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, निजामशाहीच्या काळात सलाबतखानाने बांधविली. तिची रचना राजा भास्कर याने केल्याचे सांगतात. भूमिगत कालव्यांतून तिचे पाणी बलगुजारच्या बागायतीला पोहोचत आले आहे. पाणी उन्हात न काढता नेण्याची ही युक्ती चारशे वर्षांपूर्वीची आहे. आपल्या काळात २०१३ च्या दुष्काळात भारतीय जैन संघटनेने बीड जिल्ह्यातील शंभरहून अधिक तलावांतील गाळ काढण्याचे काम केले आणि तो गाळ शेतकऱ्यांनी आपापल्या रानांत नेऊन पसरला. माळव्याच्या दृष्टीने या कामाचा दुहेरी उपयोग झाला. तलावात पाणी अधिक साठून खालच्या विहिरींचा पाझर वाढतो. आणि मुरमाड रानावर गाळाचा थर पडला की तीच माती एका पाळीचे पाणी दोन-तीन दिवस अधिक धरून ठेवते. २०१७ मध्ये राज्य शासनाने 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना आणली, तिचे सूत्र हेच होते. गाळ दर काही वर्षांनी पुन्हा साचतो आणि तो पुन्हा काढावा लागतो, एवढे मात्र विसरता कामा नये.

मेच्या अखेरीस लिंबागणेशसारख्या गावांत माळवे करणाऱ्यांपुढे पुन्हा एक निर्णय असतो. पावसाळी वांगी-टोमॅटो-मिरचीची रोपे आता टाकायची की पाऊस पडल्यावर? रोपाला पाणी फारसे लागत नाही. जाळीखाली दोन-तीन वाफे चार घागरींवर जगतात, आणि रोप तयार असेल तर चांगल्या पावसावर लावणी होऊन पहिला माल बाजारात चढ्या भावाने जातो. परंतु टोमॅटोचे रोप चार आठवड्यांचे झाले की लावणीला आलेले असते. पाऊस लांबला आणि रोप दोन आठवडे अधिक वाफ्यात राहिले, तर त्याचे खोड निबर होते आणि ते पुढे जोमाने फुटत नाही. मग ते उपटून टाकायचे आणि संकरित बियाण्याची पुडी पुन्हा विकत आणायची. काही घरांत त्यासाठी निम्मे बी मेअखेर टाकतात आणि निम्मे पुडीतच, कोरड्या राखेच्या डब्यात, पंधरा दिवस राखून ठेवतात.