कुलूपबंद पुस्तके आणि वाचकाचा हक्क

जुलै २००९ मध्ये अमेरिकेतील काही वाचकांनी आपले ‘किंडल’ हे वाचनयंत्र उघडले, तेव्हा रीतसर पैसे मोजून घेतलेली पुस्तके त्यातून नाहीशी झालेली त्यांना आढळली. योगायोग असा, की ती जॉर्ज ऑर्वेलची ‘नाइन्टीन एटी-फोर’ आणि ‘अ‍ॅनिमल फार्म’ ही पुस्तके होती. ती विक्रीस ठेवणाऱ्या प्रकाशकाकडे अमेरिकेतील हक्क नव्हते. हे ध्यानी येताच अ‍ॅमेझॉन कंपनीने ती वाचकांच्या यंत्रांतून दुरूनच पुसून टाकली आणि पैसे परत केले. पुढे कंपनीचे प्रमुख जेफ बेझोस यांनी जाहीर क्षमायाचना केली. तेवढ्याने तो प्रसंग मिटला. त्यातून उभा राहिलेला प्रश्न मात्र मिटलेला नाही. अप्पा बळवंत चौकात घेतलेले पुस्तक एकदा गिऱ्हाइकाच्या पिशवीत पडले, की दुकानदाराचा त्यावरील अधिकार संपतो. हातातल्या यंत्रावर वाचायच्या पुस्तकाबाबत तो संपतो काय?

मराठी वाचकाला हा प्रश्न आता परका नाही. डिसेंबर २०१६ मध्ये किंडलवर मराठीसह पाच भारतीय भाषांतील पुस्तकांची विक्री सुरू झाली, आणि फोनवर वाचण्याची सवयही अनेकांच्या अंगवळणी पडली आहे. वाचनासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, असे कोणी विचारले, की सांगणारा अक्षरांचा आकार, रात्रीच्या वाचनासाठी काळी पार्श्वभूमी, पान उलटण्याची सुलभता यांची तुलना करू लागतो. या सोयी क्षुल्लक नाहीत. उतारवयातील वाचकाला अक्षर हवे तेवढे मोठे करता येणे हे वरदानच होय. तथापि अशी निवड करताना आपण चष्म्याबरोबर कपाटही निवडत असतो, आणि त्या कपाटाची किल्ली कोणाकडे राहणार, हेही त्याच वेळी ठरून जाते.

बंद पडलेली दुकाने

या क्षेत्राचा अल्पसा इतिहासही पुरेसा बोलका आहे. १९९६ मध्ये ‘पामपायलट’ हे तळहातावर मावणारे यंत्र आले आणि काही वर्षांतच त्यावर पुस्तके वाचण्याची सॉफ्टवेअरे निघाली. २००० साली मायक्रोसॉफ्टने ‘रीडर’ आणले; त्याच सुमारास फ्रान्समध्ये ‘मोबीपॉकेट’ सुरू झाले. प्रत्येकाने पुस्तक साठवण्याची आपापली पद्धत काढली, त्यामुळे एकाचे पुस्तक दुसऱ्यात उघडत नसे. मोबीपॉकेट २००५ मध्ये अ‍ॅमेझॉनच्या ताब्यात गेले. ‘रीडर’ २०१२ मध्ये गुंडाळले गेले. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले नवे पुस्तकांचे दुकानही बंद केले. ग्राहकांना किंमत परत मिळाली, ज्यांनी टिपणे केली होती त्यांच्या खात्यावर २५ डॉलर अधिक जमा झाले. पण पुस्तके आणि समासातील टिपणे दोन्ही गेली. फेब्रुवारी २०२५ मध्ये अ‍ॅमेझॉननेही किंडलची विकत घेतलेली पुस्तके संगणकावर उतरवून, तारेने यंत्रात भरण्याची जुनी सोय काढून घेतली. या सर्व व्यवहारांत विक्री हा शब्द नावापुरता उरला. ग्राहकाच्या पदरात पडते ती वाचनाची परवानगी, आणि परवानगी म्हटली की ती मागे घेता येते.

यावर उतारा नाही, असे नव्हे. २००७ मध्ये प्रकाशक व तंत्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ‘ईपब’ ही सामाईक पद्धत प्रमाण म्हणून स्वीकारली. तिचे नियम उघड आहेत. वेबपानांसारखीच पाने एका गठ्ठ्यात बांधलेली असतात, आणि कुणालाही ती उघडणारे सॉफ्टवेअर लिहिता येते. कोविद गोयल यांनी २००६ मध्ये सुरू केलेले ‘कॅलिबर’ हे विनामूल्य सॉफ्टवेअर संगणकावर अशा पुस्तकांची नीट मांडणी करते. ‘केओरीडर’सारखे सॉफ्टवेअर ती हातातल्या यंत्रावर दाखवते. मात्र ईपबलाही प्रकाशक कुलूप लावू शकतो. म्हणून पद्धत खुली आहे एवढे पाहून भागत नाही, कुलूप आहे की नाही हेही पाहावे लागते.

प्रकाशकांची बाजू येथे दुर्लक्षून चालणार नाही. मराठी पुस्तकाची आवृत्ती मुळातच लहान असते, आणि त्याच्या चोरट्या प्रती व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरू लागल्या, तर लेखकाच्या हाती काय राहणार? ही भीती रास्त आहे. परंतु चोर कुलूप तोडतोच. अडकून पडतो तो प्रामाणिक ग्राहक. विज्ञानकथांच्या ‘टॉर’ या प्रकाशनसंस्थेने २०१२ मध्ये आपल्या पुस्तकांची कुलपे काढली आणि वर्षभरानंतर चोरीत लक्षणीय वाढ दिसली नसल्याचे जाहीर केले. मोठ्या बाजारपेठेतील हा अनुभव मराठीला जसाच्या तसा लागू होईल, असे नाही. पण प्रतीवर ग्राहकाची खूण उमटवून ती खुली ठेवण्याचा मध्यममार्ग आपल्याकडेही चोखाळून पाहण्यासारखा आहे.

देवनागरीची कसोटी

मराठी वाचकापुढे आणखी एक अडचण आहे. मराठीतील बरीच विनामूल्य पुस्तके पीडीएफ स्वरूपात मिळतात. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली मौलिक प्रकाशने अशी खुली केली, हे निःसंशय स्तुत्य आहे. पण पीडीएफमध्ये पानाची मांडणी पक्की असते. फोनच्या पडद्यावर अक्षर मोठे केले, की ओळ पडद्याबाहेर जाते आणि वाचकाला प्रत्येक ओळीसाठी पान उजवी-डावीकडे सरकवावे लागते. पुस्तक नुसत्या पानांच्या छायाचित्रांचे असेल, तर त्यात शब्द शोधता येत नाही आणि अंध वाचकाला ते वाचून दाखवणे यंत्राला कठीण जाते. युनिकोडमधील मजकूर या सर्व अडचणी दूर करतो. मात्र तो दाखवणारे सॉफ्टवेअर देवनागरी जाणणारे हवे. ‘आचाऱ्यास’ आणि ‘आचार्यास’ यांतला भेद ज्याला दाखवता येत नाही, ते मराठी वाचकाच्या काय कामाचे?

तेव्हा निवडीपूर्वी वाचकाने काही साधे प्रश्न विचारावेत. दुसरीकडून आणलेले पुस्तक यात उघडते काय? इंटरनेट नसताना वाचता येते काय? आपली टिपणे बाहेर काढता येतात काय? जोडाक्षरे शाबूत राहतात काय? आणि उद्या कंपनी बंद पडली, तर पुस्तके आपल्यापाशी उरतील काय? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर बाकीच्या सोयींना फारशी किंमत उरत नाही.

सार्वजनिक पैशातून निघणाऱ्या पुस्तकांबाबत तर शासनाने विलंब न लावता पीडीएफबरोबर ईपबही द्यावे. आजोबांनी घेतलेली पोथी नातवाने उघडावी, तिच्या समासातील त्यांचे अक्षर ओळखावे, ही आपल्या घरांतील जुनी रीत आहे. कागद जाऊन पडदा आला म्हणून ती मोडण्याचे कारण नाही. ती मोडते ती कुलपामुळे.