पशुधन पर्यवेक्षकांसाठी औषधशास्त्राची मूलतत्त्वे : मात्रा, मार्ग आणि मर्यादा

बीजसंज्ञा : औषधशास्त्र, पशुधन पर्यवेक्षक, मात्रा, अर्धायुकाल, औषध-अवशेष, गिधाड

प्रस्तावना :

नागपूरच्या इतवारीतील सराफा बाजारात सोन्याचे वजन मिलिग्रॅमपर्यंत केले जाते. वाऱ्याची झुळूक लागून फरक पडू नये म्हणून काटा काचेच्या पेटीत ठेवण्याची पद्धत आहे. गोठ्यात मात्र मिलिग्रॅममध्येच मोजावयाचे औषध पुष्कळदा ‘अर्धी बाटली’ किंवा ‘मागच्या वेळी दिले तेवढेच’ अशा हिशेबाने दिले जाते. सोन्याच्या वजनातील चुकीने एका ग्राहकाचे नुकसान होते. औषधाच्या मात्रेतील चूक जनावराला भोवते, त्याचे दूध पिणाऱ्या माणसाला भोवते आणि प्रसंगी त्या जनावराच्या मृतदेहावर जगणाऱ्या पक्ष्यालाही भोवते.

महाराष्ट्रात पशुवैद्यकीय शिक्षणाचे प्रमुख केंद्र नागपूर हेच आहे. येथील पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ साली सुरू झाले आणि महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ २००० साली येथेच स्थापन झाले. पदवीधर पशुवैद्यकाबरोबर काम करणारा पदविकाधारक पशुधन पर्यवेक्षक हा ग्रामीण पशुआरोग्यसेवेतील महत्त्वाचा दुवा होय. या विद्यार्थ्याला औषधशास्त्र किती आणि कसे शिकवावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. औषधांच्या नावांची यादी पाठ करून घेणे म्हणजे औषधशास्त्र नव्हे. औषध शरीरात कसे जाते, तेथे काय करते आणि बाहेर पडून कोठे पोहोचते, हा प्रवास समजला तरच औषध देणारा हात सुरक्षित होतो, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

१. कायद्याने आखलेली मर्यादा :

भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ च्या कलम ३० नुसार पशुवैद्यकीय व्यवसाय करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकास आहे. राज्य शासनाच्या आदेशानुसार पदविका किंवा प्रमाणपत्रधारकांना किरकोळ पशुवैद्यकीय सेवा देता येतात. मात्र त्या नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली व निर्देशानुसार द्यावयाच्या असतात. रोगनिदान आणि औषधाची निवड हे पशुवैद्यकाचे काम. सांगितलेली मात्रा अचूक मोजणे, योग्य मार्गाने देणे, जनावराचे निरीक्षण करणे आणि नोंद ठेवणे हे पर्यवेक्षकाचे काम. ही विभागणी त्याला कमी लेखण्यासाठी केलेली नाही. निवड बरोबर असूनही मोजमाप चुकले तर उपचार फसतो, आणि ते मोजमाप बहुधा त्याच्याच हातात असते.

२. औषध कार्य कसे करते :

पेशींच्या पृष्ठभागावर किंवा आत विशिष्ट रेणू असतात. त्यांना ग्राही म्हणतात. बहुतेक औषधे अशा ग्राहीला चिकटून त्याचे कार्य वाढवितात किंवा रोखतात. विदर्भाच्या कापूस पट्ट्यातील उदाहरण घेता येईल. फवारणी केलेला चारा खाल्ल्याने जनावराला सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकाची विषबाधा होते. मज्जातंतूंचा संदेश वाहणारे ॲसिटिलकोलीन हे द्रव्य शरीरात एरवी लगेच नष्ट होते. या विषामुळे ते साचत जाते. परिणामी तोंडातून लाळ गळते, डोळ्यांच्या बाहुल्या आकुंचन पावतात व श्वासाला त्रास होतो. अशा वेळी दिले जाणारे ॲट्रोपिन विष नाहीसे करीत नाही. ते ग्राहीची जागा अडवून ठेवते, त्यामुळे साचलेल्या द्रव्याला परिणाम घडविता येत नाही. ॲट्रोपिनचा प्रभाव ओसरला आणि विष शरीरात शिल्लक असले, तर लक्षणे परत येतात. म्हणूनच इंजेक्शननंतर जनावर सुधारले म्हणून पर्यवेक्षकाने लगेच निघून जाणे योग्य नव्हे. विशेष म्हणजे हेच ॲट्रोपिन आपल्या परिचयाच्या धोतऱ्यातही असते. उपचार आणि विष यांतील भेद द्रव्यापेक्षा मात्रेवर अधिक अवलंबून असतो, हे यावरून ध्यानात येते.

३. शरीरातील प्रवास :

औषधाच्या प्रवासाचे शोषण, वितरण, चयापचय आणि उत्सर्जन असे चार टप्पे मानले जातात. औषध रक्तात येणे म्हणजे शोषण, रक्तावाटे निरनिराळ्या ऊतींपर्यंत पोहोचणे म्हणजे वितरण, मुख्यत्वे यकृतात त्याचे रासायनिक रूपांतर होणे म्हणजे चयापचय आणि मूत्र, शेण, पित्त वा दूध यांवाटे बाहेर पडणे म्हणजे उत्सर्जन.

शोषण मार्गावर अवलंबून असते. शिरेत दिलेले औषध तत्काळ रक्तात मिसळते. स्नायूत वा कातडीखाली दिलेले सावकाश मिसळते. तोंडावाटे दिलेल्या औषधाला रवंथ करणाऱ्या जनावरात प्रथम मोठ्या कोठीपोटातून जावे लागते. तेथील असंख्य सूक्ष्मजीव चारा पचवितात. प्रौढ गायीला प्रतिजैविक तोंडावाटे दिल्यास तेच उपयुक्त जीव मरून पचन बिघडण्याचा धोका असतो.

मार्गाइतकाच वेगही महत्त्वाचा आहे. व्यालेल्या गायीला दुग्धज्वर झाला की रक्तातील कॅल्शियम घटते व ती उठू शकत नाही. शिरेतून कॅल्शियम दिल्यावर ती काही वेळात उभी राहते. परंतु हेच द्रावण घाईने सोडले तर हृदयाचे ठोके अनियमित होऊन ते बंद पडू शकते. औषध तेच, मात्रा तीच. फरक केवळ वेगाचा. बाटली सावकाश सोडताना हृदयाच्या ठोक्यांकडे लक्ष ठेवणे हाही औषधशास्त्राचाच पाठ होय.

रक्तातील औषधाचे प्रमाण निम्मे होण्यास लागणाऱ्या काळाला अर्धायुकाल म्हणतात. एखाद्या औषधाचा अर्धायुकाल सहा तास असल्यास १०० भागांचे सहा तासांनी ५०, बारा तासांनी २५ आणि तीस तासांनी सुमारे ३ भाग उरतात. दुसरी मात्रा केव्हा द्यावयाची हे ठरविताना हा काळ विचारात घेतला जातो. प्रतिजैविकाच्या मात्रा मध्येच सोडल्यास औषधाचे प्रमाण अपुरे पडते, आणि तग धरू शकणारे जंतू वाढण्यास वाव मिळतो.

४. जातीनुसार भेद :

मानवी औषधशास्त्रात एकाच प्राण्याचा विचार असतो. पशुवैद्यकाला मात्र अनेक जातींचा विचार करावा लागतो. माणसाला तापात दिले जाणारे पॅरासिटामॉल मांजराला प्राणघातक ठरू शकते, कारण त्याचा निचरा करणारी यकृतातील यंत्रणा मांजरात दुबळी असते. गुंगी आणणाऱ्या झायलाझीनला गायवर्ग इतका संवेदनशील असतो, की घोड्याच्या मात्रेचा सुमारे दहावा हिस्सा त्याला पुरतो. याउलट काही जंतनाशके शेळीच्या शरीरातून मेंढीच्या तुलनेत लवकर बाहेर पडतात. त्यामुळे मेंढीची मात्रा शेळीला अपुरी पडू शकते. ‘लहान जनावर म्हणून कमी, मोठे म्हणून जास्त’ हा ढोबळ नियम येथे उपयोगी पडत नाही.

५. मात्रेचे गणित :

वर्गात विद्यार्थी बहुधा ‘किती सी.सी. द्यायचे?’ असे विचारतात. हा प्रश्नच अपुरा आहे. मात्रा शरीराच्या प्रत्येक किलोमागे मिलिग्रॅममध्ये सांगितली जाते. मिलिलिटरची संख्या द्रावणाच्या तीव्रतेवर ठरते. समजा, ३०० किलोच्या गायीला किलोमागे १० मिलिग्रॅम औषध सांगितले आहे. एकूण गरज ३,००० मिलिग्रॅम. द्रावणात प्रति मिलिलिटर ५० मिलिग्रॅम असल्यास ६० मिलिलिटर लागतील. २०० मिलिग्रॅम असल्यास १५ मिलिलिटर पुरतील. लेबल न वाचता ६० मिलिलिटर दिले गेले, तर चौपट मात्रा झाली. बाटलीवर ५ टक्के असे लिहिलेले असेल, तर त्याचा अर्थ १०० मिलिलिटरमध्ये ५ ग्रॅम, म्हणजेच प्रति मिलिलिटर ५० मिलिग्रॅम असा होतो.

गोठ्यात वजनकाटा नसतो, ही अडचण खरी आहे. त्यासाठी शेफर यांचे सूत्र उपयोगी पडते. छातीच्या घेराचा इंचांतील वर्ग, गुणिले शरीराची इंचांतील लांबी, भागिले ३०० केले असता वजन पौंडांत मिळते. घेर ६० इंच व लांबी ५० इंच असल्यास ६०० पौंड, म्हणजे सुमारे २७२ किलो. एक साधी फीत आणि शालेय गणित एवढ्यावर अंदाजपंचे कारभार टळू शकतो.

६. औषध जनावरापाशी थांबत नाही :

उत्सर्जनाचा टप्पा अभ्यासक्रमात शेवटी येतो आणि घाईने उरकला जातो. समाजाच्या दृष्टीने मात्र तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. कासदाहावर सडात सोडलेले प्रतिजैविक दुधात उतरते. अशा दुधाला कधी कधी विरजण लागत नाही, हे गृहिणींना ठाऊक असते. औषधाने विरजणातील जिवाणूच रोखलेले असतात. दूध उकळल्याने प्रतिजैविक पूर्णपणे नष्ट होत नाही. केवळ उपचार केलेल्या सडाचे दूध टाकून देणेही पुरेसे नाही, कारण औषध रक्तावाटे इतर सडांतही पोहोचू शकते.

शेवटच्या मात्रेपासून दूध वा मांस वापरण्यायोग्य होईपर्यंतच्या काळाला औषध-विराम काळ म्हणता येईल. २०१२ च्या केंद्रीय नियमदुरुस्तीनुसार अन्न देणाऱ्या जनावरांच्या औषधांच्या वेष्टनावर हा काळ नमूद करणे बंधनकारक झाले. तो निश्चित केलेला नसल्यास दूध व अंडी यांसाठी किमान ७ दिवस आणि मांसासाठी किमान २८ दिवस पाळावयाचे असतात. सात दिवसांचे दूध ओतून देणे लहान पशुपालकाला परवडणारे नसते, हे मान्य करावे लागेल. म्हणूनच ही गोष्ट त्याला उपचारापूर्वी सांगितली पाहिजे. नंतर सांगून उपयोग नाही.

दुसरे उदाहरण याहून गंभीर आहे. डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाने गायीचा लंगडेपणा व सूज कमी होत असे. औषध म्हणून ते गुणकारीच होते. परंतु उपचारानंतर काही दिवसांतच जनावर मेले, तर मृत्यूबरोबर उत्सर्जनही थांबते आणि औषध ऊतींत राहून जाते. ते मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने हा संबंध उघड केला. १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या सुमारे ९९.९ टक्क्यांनी घटली. २००६ मध्ये शासनाने जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदीची कार्यवाही केली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या जनावरांना वापरल्या जात राहिल्या. म्हणून २०१५ मध्ये मानवी इंजेक्शनही एका मात्रेच्या वेष्टनापुरते मर्यादित करण्यात आले. २०२३ मध्ये किटोप्रोफेन व ॲसिक्लोफेनॅक यांच्या पशुवापरावर बंदी आली. गिधाडांना सुरक्षित आढळलेले मेलॉक्सिकॅम हा पर्याय उपलब्ध आहे. जानेवारी २०२४ मध्ये हरियाणातील पिंजोरच्या प्रजनन केंद्रातून गिधाडे पेंच व ताडोबा येथे आणण्यात आली. ती टिकतील की नाही, हे बऱ्याच अंशी भोवतालच्या गावांतील गोठ्यांत कोणती बाटली उघडली जाते यावर अवलंबून आहे.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, पदविका स्तरावर औषधशास्त्राची सुरुवात औषधांच्या यादीने न करता औषधाच्या प्रवासाने करावी. दुसरी, मात्रेचे गणित प्रत्यक्ष बाटल्या व लेबले हाताळून, चूक शून्य होईपर्यंत करून घ्यावे. तिसरी, लेबल इंग्रजीत आणि विद्यार्थी मराठी माध्यमातील, ही दरी ओळखून लेबलवाचन हा स्वतंत्र पाठ मानावा. येथे भाषेच्या अध्यापकांचेही साहाय्य घेता येईल. चौथी, औषधाचे नाव, मात्रा, मार्ग, वेळ आणि विराम काळ यांची नोंद हा उपचाराचाच भाग समजावा.

सराफाच्या काट्यावरील विश्वास पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयीतून निर्माण झाला आहे. पशुधन पर्यवेक्षकाच्या हातातील सिरिंजविषयी तसाच विश्वास निर्माण करावयाचा, तर ती सवय वर्गातच लावावी लागेल.