सुतारशाळेतील धाकटी हत्यारे

गेल्या खंडेनवमीच्या आधल्या आठवड्यात रामवाडीच्या नाक्यानजीकची जुनी सुतारशाळा रिकामी झाली आणि तिच्यातली सागवानी हत्यारपेटी भंगारवाल्याने ओटीवरच उपडी करून लोखंडाच्या भावाने नेली, ही वार्ता कानी आल्यापासून मनाला स्वस्थता नाही. ज्या दिवशी त्या हत्यारांना हळदकुंकू लागायचे त्याच्या तोंडावर ती तराजूत गेली, याचे दुःख तर आहेच. परंतु त्याहून अधिक जिव्हारी लागली ती दुसरी गोष्ट. पेटीत जे निव्वळ लाकडी होते त्याला वजनाचा भाव नव्हता, म्हणून ते एका बाजूस लोटले गेले आणि शेजारच्या चुलीत गेले. त्या शाळेचे खरे वैभव त्या बिनभावाच्या लाकडी वस्तूंत होते, हे जाणणारा त्या वेळी तेथे कोणी हजर नव्हता.

रामवाडीचा पूर्वेतिहास विस्ताराने सांगावा असे मला वाटत नाही. पेणच्या अंगाने मुंबईहून दक्षिण कोकणात उतरणारी सडक, तिच्यावरून जाणाऱ्या बैलगाड्या, त्यांचे आरे आणि कणे दुरुस्त करणारे सुतार, बलुत्याच्या धान्यावर चाललेला त्यांचा प्रपंच आणि पुढे रोख मजुरीची पडलेली रीत, हा क्रम महाराष्ट्रातल्या कोणत्याही सडकेवरच्या वस्तीला लागू पडावा असाच आहे. १९५६ च्या कायद्याने दशमान मापे आली, कचेरीतल्या दफ्तरात मीटर आणि सेंटिमीटर दिसू लागले. सुतारशाळेत मात्र इंच आणि सूत अढळ राहिले, कारण आठ सुतांचा इंच अर्ध्याने, पावाने, अर्धपावाने मोडत जातो आणि कारागिराचा हिशेब मोडणीचा असतो. एवढे सांगून ती वर्षे मी ओलांडतो.

माझ्या स्मरणात जे दशक जिवंत आहे ते १९८१ च्या १ जानेवारीस कुलाबा जिल्ह्याचा रायगड जिल्हा झाला तेथपासून १९८९ च्या जुलैत अंबा नदीला महापूर येऊन जांभूळपाडा आणि नागोठणे उद्ध्वस्त झाले तेथवरचे. त्या काळी मी कचेरीत कारकून होतो, आणि संध्याकाळी एसटीची वाट पाहावयाची ती सुतारशाळेच्या ओट्यावर बसून, असा परिपाठ पडला होता. तेथील मुख्य कारागिराला आम्ही सारे अण्णा म्हणत असू. ते जमिनीवर बसून काम करीत. उजव्या पायाच्या अंगठ्याने आणि टाचेने फळी अशी दाबून धरीत की लोखंडी शेगड्याची उणीव कधी भासत नसे. करवत, रंधा, वाकस, पटाशी, किकरे, गिरमिट ही थोरली हत्यारे सर्वांच्या परिचयाची. त्यांच्याविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचे विजेवर चालणारे वारसही बाजारात आहेत. मला लिहावयाचे आहे ते धाकट्या हत्यारांविषयी, ज्यांना वारस लाभला नाही.

त्यांपैकी पहिला मान मी दोन पट्ट्यांना देतो. शिसवाच्या, हात-सव्वा हात लांबीच्या, वरची आणि खालची कड काटेकोर सरळ व परस्परांस समांतर असलेल्या या पट्ट्या. दोहोंपैकी एकीच्या टोकांशी फणसाच्या पिवळ्या लाकडाचे दोन लहान चौकोन बसविलेले. पेण आणि आसपासच्या हमरापूर, जोहे या गावांत गणपतीच्या मूर्ती घडविणाऱ्यांचे कारखाने. त्यांच्याकडून श्रावणाच्या आधी पाटांची मागणी येई. पाट वरवर सपाट दिसतो, पण त्याचा एक कोपरा दोन सूत उचललेला असला तर मूर्ती डुगडुगते आणि शाडू वाळताना बैठकीशी तडा जातो. फळीत असा पीळ आहे की नाही हे गुण्याने कळत नाही, ओळंब्याने कळत नाही, आणि नुसत्या नजरेने तर मुळीच कळत नाही. अण्णा एक पट्टी फळीच्या या टोकावर आडवी ठेवीत, पिवळ्या चौकोनांची पट्टी त्या टोकावर, आणि मग जवळच्या पट्टीच्या वरच्या कडेवरून मागच्या पट्टीकडे पाहत. पिवळे चौकोन दोन्ही टोकांस सारखे दिसले तर फळी निर्दोष. एका बाजूचा चौकोन अधिक उघडा पडला आणि दुसऱ्या बाजूचा कडेआड बुडाला तर फळी तितकी पिळलेली. पट्टी फळीच्या रुंदीहून जितकी लांब, तितका दोष मोठा होऊन डोळ्याला दिसतो, आणि म्हणूनच वीतभर रुंदीच्या पाटासाठी हातभर पट्टी लागते. मी प्रथम पाहू लागलो तेव्हा ते म्हणाले, ‘भाऊसाहेब, मान वाकवू नका, गुडघे वाकवा, डोळा फळीच्या पातळीला आला पाहिजे.’ पाटाचा कोणता कोपरा रंधायचा हे त्या दोन पट्ट्या सांगत, आणि रंधा नंतर उचलला जाई.

दुसरी वस्तू म्हणजे जुन्या करवतीच्या पात्यातून कापलेला पत्र्याचा आयताकृती तुकडा. त्याची कड कानशीने सरळ करून, निसण्यावर घासून, मग पटाशीच्या पाठीने जोर देऊन दाबली की कडेला नखालाच जाणवेल अशी सूक्ष्म आकडी वळते. ती आकडी म्हणजेच त्याची धार. शिसवाच्या किंवा सागाच्या ज्या फळीत तंतू आलटून पालटून उलटे धावतात तेथे रंधा कितीही पाजवलेला असो, तंतू उखडून खड्डे पाडतो. तेथे हा तुकडा दोन्ही अंगठ्यांनी किंचित वाकवून पुढे लोटला असता कागदाहून पातळ सालपट निघते आणि लाकडाला जी झळाळी चढते ती काचकागदाने येत नाही, कारण काचकागद तंतू घासतो आणि हा ते कापतो. आज तयार फर्निचरच्या दुकानांत लाकडाचे तोंड निर्जीव आणि धुरकट दिसते, त्याचे एक कारण हे आहे.

कमानीने फिरणारा सामता तर मानवजातीच्या अतिप्राचीन साधनांपैकी एक. इजिप्तमध्ये थीब्स येथे रेखमिरे नावाच्या वजिराच्या थडग्यातील भित्तिचित्रांत सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे सुतार कमानीने भोके पाडताना दिसतात. रामवाडीच्या ओट्यावर मी तीच बैठक, तीच कमान आणि तोच वरून दाब देणारा डावा तळवा पाहिलेला आहे. सामता दोन्ही दिशांनी फिरतो, हळू फिरतो, आणि पातळ फळीच्या कडेपासून दोन सुतांवरही तिला न फाडता भोक पाडतो. त्याच्या जोडीला फळीच्या कडेशी समांतर रेघ आखण्याचे लाकडी साधन असे: एक दांडी, तिच्यावर पाचरीने घट्ट होणारा सरकता ठोकळा, आणि दांडीच्या टोकाशी घासून अणकुचीदार केलेला खिळा. पेन्सिलीच्या रेघेला जाडी असते. खिळ्याच्या रेघेला पटाशीची धार आपोआप बसते.

सरसाच्या दुहेरी भांड्याचा उल्लेख येथे केल्यावाचून राहवत नाही. बाहेरच्या भांड्यात पाणी, आतल्या भांड्यात जनावरांच्या कातड्यापासून केलेला सरस. मंद विस्तवावर तो पातळ व्हायचा आणि गरम असतानाच लावायचा. फेव्हिकॉल १९५९ साली बाजारात आला आणि त्याने सुतारांचे कष्ट कमी केले, हे मान्य करणे न्यायाचे आहे. परंतु सरसाचा सांधा ऊब आणि ओलावा देऊन पुन्हा सोडविता येतो. खुर्चीचा एक पाय मोडला तर तेवढाच पाय बदलतो. आजच्या खुर्चीचा सांधा सुटत नाही, म्हणून खुर्ची टाकावी लागते.

ऐंशीच्या त्या दशकातली एक गोष्ट सांगितल्याखेरीज हा मागोवा अपुरा राहील. गागोद्यात १८९५ साली जन्मलेल्या विनोबांच्या या पेण तालुक्यात हस्तोद्योगातून शिक्षण ही कल्पना परकी नव्हती. १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर तिचे जे वारे मुंबई इलाख्यात पसरले, त्यातून कित्येक शाळांत सुतारकामाचे वर्ग निघाले होते. अशाच एका शाळेत त्या वर्गाची हत्यारे कुलुपात होती. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर एका अधिकाऱ्याच्या हुकुमावरून ती ‘निरुपयोगी जंगम मालमत्ता’ या सदराखाली लिलावात काढण्यात आली. त्यात इंग्रजी पोलादाचे रंधे होते, मुलांच्या हाताला बेताच्या लहान करवती होत्या, आणि शिक्षकाने स्वतः केलेल्या, पीळ पाहण्याच्या तशाच पट्ट्यांच्या जोड्या होत्या. अण्णांनी अर्ज केला होता, की विकायची असतील तर आम्हांस द्यावी, आम्ही मुलांना फुकट शिकवू. त्या अर्जाला उत्तर आले नाही. तो अर्ज माझ्या हस्ताक्षरातला होता, आणि त्याचा राग आजही माझ्या मनातून गेलेला नाही.

त्या सुमारास सारे भराभर घडले. थळला खताचा कारखाना, रोह्याजवळ धाटावची औद्योगिक वसाहत, नागोठण्याला पेट्रोरसायनांचा प्रकल्प. १९८६ साली रेल्वे रोह्यापर्यंत आली. सुतारांच्या मुलांनी पगाराची नोकरी धरली, त्यात त्यांचा दोष तिळमात्र नाही. १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानंतर सागाचा पुरवठा आवळत गेला, आणि जंगल वाचले पाहिजे यात मला शंका नाही. १९८९ च्या पुरानंतर उभी राहिलेली घरे सिमेंटची झाली. त्यांत वासे नव्हते, तुळया नव्हत्या, कडीपाट नव्हता. प्लायवूडवर सनमायका चिकटविण्याला पीळ पाहणारी पट्टी लागत नाही. पुढे २०११ पासून पनवेल ते इंदापूर महामार्गाचे रुंदीकरण सुरू झाले, ते दशक उलटून गेले तरी रेंगाळत राहिले, आणि त्याच्या धुळीत सडकेकाठची कित्येक जुनी दुकाने मिटून गेली.

ऐंशीच्या त्याच दशकात, १९८२ च्या ऑक्टोबरात, इंग्लंडने १५४५ साली बुडालेले ‘मेरी रोझ’ हे जहाज समुद्राच्या तळातून वर काढले. त्यात सुतारांच्या पेट्या होत्या. लोखंड खाऱ्या पाण्याने खाऊन टाकले होते. पण रंध्यांची लाकडे, मोगऱ्या, मुठी आणि मापपट्ट्या टिकल्या, आणि त्या पोर्ट्‌समथ येथे जतन करून ठेवलेल्या आहेत. लोखंड संपल्यावर जे उरले त्याचे त्यांनी संग्रहालय केले. आपण लोखंड विकले आणि जे उरले ते जाळले. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात कोरीव दारे आणि अडकित्ते पाहताना मला नेहमी असे वाटत आले आहे, की ती दारे ज्यांनी सरळ ठेवली त्या पट्ट्यांनाही तेथे एक कोनाडा असावा.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने विश्वकर्मा योजना सुरू केली. अठरा व्यवसायांत सुतार आहे, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आहे, आणि ५ ते ७ दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण आहे. या योजनेचे मी मनापासून स्वागत करतो. माझी मागणी एवढीच, की त्या प्रशिक्षणातला एक दिवस धाकट्या हत्यारांना द्यावा. त्यांना पैसा लागत नाही. तुटक्या करवतीचा तुकडा आणि शिसवाची चिपळी प्रत्येक सुतारापाशी असते. लागतो तो शिकविणारा, आणि असे शिकविणारे पेण, वडखळ, नागोठणे, रोहे या टापूत आज हयात आहेत, सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत, आणि त्यांना कोणी विचारावयास येत नाही.

ज्यांच्या माळ्यावर अशी पेटी असेल त्यांनी ती विकण्यापूर्वी उघडावी. गंजलेली पाती रात्रभर रॉकेलमध्ये ठेवून चिंधीने पुसली आणि खोबरेलाचा हात दिला की पुष्कळ हत्यारे पुन्हा कामाला येतात. पट्ट्यांची जोडी सापडली नाही तर नवी करावी: वाळलेल्या शिसवाच्या एकाच तुकड्यातून दोन्ही पट्ट्या काढाव्यात, दोन्ही एकत्र धरून एकाच रंध्याने कडा सरळ कराव्यात, मग एक पट्टी उलटी फिरवून दुसरीच्या कडेवर ठेवावी आणि मागे दिवा धरावा. फटीतून उजेड दिसला तर कड पुन्हा रंधावी, आणि उजेड मावळेपर्यंत ती पट्टी पाटावर ठेवू नये.