गर्द सावलीतला सार्कोकोका

डिसेंबरच्या अखेरीस लंडनमध्ये भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम 15 अंश वर येतो, तर मुंबईत त्याच दिवसांत भर दुपारी तो सुमारे 47 अंशांवर असतो. त्यामुळे इंग्लंडमधील घरांच्या उत्तरेकडील बागेला सबंध हिवाळ्यात ऊन लागत नाही, हिरवळ विरळ होते आणि शेवाळ माजते. अशी जमीन बारमाही झाकण्यासाठी तेथे जी सदाहरित, म्हणजे एकाच वेळी सगळी पाने न गाळणारी, झुडपे लावतात, त्यांत सार्कोकोका या प्रजातीचे स्थान फार वरचे मानले पाहिजे.

हिमालयापासून चीन आणि आग्नेय आशियापर्यंत आढळणाऱ्या या प्रजातीतील एका जातीला जोसेफ डाल्टन हुकर या हिमालयीन वनस्पतींच्या थोर अभ्यासकाचे नाव दिलेले आहे. तिचा ‘ह्युमिलिस’ हा बुटका प्रकार पश्चिम चीनमधला असून तो वनस्पतिसंग्राहक अर्नेस्ट विल्सन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटनमध्ये आणला. हे झुडूप साधारणपणे 60 सेंटिमीटरपेक्षा उंच जात नाही, मात्र जमिनीखालच्या खोडांतून नवे फुटवे काढत ते संथपणे आडवे पसरते.

सावलीतील बागेची खरी अडचण प्रकाशापेक्षाही कोरडेपणाची असते, आणि नेमके तेच बहुधा लक्षात येत नाही. मोठ्या झाडाचा पर्णसंभार पाऊस वरच्या वर अडवतो, उरलेले पाणी त्याची मुळे शोषून घेतात आणि भिंतीच्या आडोशाला तर सरी पोहोचतच नाहीत. सार्कोकोकाच्या जाड, तुकतुकीत पानांतून पाणी कमी उडून जाते, शिवाय वरची झाडे निष्पर्ण असतात त्या महिन्यांतही ही पाने खाली झिरपणारा प्रकाश वापरत राहतात, म्हणून इतर झुडपे जेथे खुरटतात तेथे ते तग धरते. ही सहनशक्ती मुळे खोल गेल्यावरच येत असल्याने लागवड शरद ऋतूत करावी, मातीत पानांचे कुजलेले खत भरपूर मिसळावे आणि पहिली एक-दोन वर्षे उन्हाळ्यात पाणी देण्यात कसूर करू नये. जमीन आम्लधर्मी असो वा चुनखडीची, दोन्ही चालतात. पाणी साचणे मात्र चालत नाही, आणि कडक उन्हात पाने पिवळी पडतात.

जानेवारी-फेब्रुवारीत पानांच्या बगलेत येणाऱ्या फुलांना पाकळ्या नसतात, जे पांढरे दिसते ते पुंकेसर, म्हणजे परागकण धारण करणारे तंतू असतात. पण त्यांचा मधासारखा सुगंध थंडीतही बऱ्याच अंतरावर येतो. कीटक क्वचितच बाहेर पडणाऱ्या ऋतूत त्यांना दुरून बोलावण्याचे काम हाच सुगंध करतो. हिवाळ्यात बागेत फिरणे कमीच होत असल्याने हे झुडूप कोपऱ्यातल्या झाडाखाली दडवण्यापेक्षा रोजच्या ये-जा करण्याच्या दाराशी लावणे अधिक शहाणपणाचे ठरते.

छाटणी फारशी लागत नाही. फुलोरा संपल्यावर वाळक्या फांद्या काढल्या की पुरे, आणि कडेचे फुटवे मुळांसह वेगळे करून नवी रोपे मिळतात. बॉक्स या कुंपणाच्या झुडपावर पडणारा बुरशीजन्य करपा त्याच कुलातील सार्कोकोकालाही होऊ शकतो, म्हणून रोगट बॉक्स छाटलेली कात्री निर्जंतुक केल्याशिवाय त्याला लावू नये.