जर्मनीतील सार्वजनिक विद्यापीठांमध्ये परदेशी विद्यार्थ्यांचा प्रवेश

जर्मनीतील सार्वजनिक विद्यापीठांमध्ये परदेशी विद्यार्थ्यांचा प्रवेश ही युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना जर्मन राज्यांच्या निधीतून चालणाऱ्या उच्चशिक्षण संस्थांमध्ये पदवी किंवा पदव्युत्तर शिक्षण घेण्यासाठी पूर्ण करावी लागणारी प्रक्रिया आहे. तिच्यात पूर्वशिक्षणाची समकक्षता, विद्यापीठाकडील अर्ज, निधीचा पुरावा आणि व्हिसा असे टप्पे येतात. २०२२-२३ पासून जर्मनीतील परदेशी विद्यार्थ्यांमध्ये भारतीयांची संख्या सर्वाधिक आहे.

भारतातील अनेक व्यावसायिक अभ्यासक्रमांप्रमाणे येथे एकच प्रवेश परीक्षा किंवा केंद्रीय प्रवेश फेरी नसते. अर्जदार किती हुशार आहे यापेक्षा त्याचे आधीचे शिक्षण त्या विशिष्ट अभ्यासक्रमाला पात्र ठरते का, हा प्रश्न आधी तपासला जातो. त्यामुळे उत्तम गुण असलेला अर्जही एखाद्या विषयाचे श्रेयांक कमी पडल्याने किंवा एक कागद उशिरा पोहोचल्याने नाकारला जातो.

शुल्क

जर्मनीत शिक्षण हा १६ राज्यांच्या अखत्यारीतील विषय आहे. शिक्षणशुल्कावर बंदी घालणारी संघराज्याची तरतूद २००५ मध्ये संघीय घटनात्मक न्यायालयाने रद्द केल्यावर काही राज्यांनी शुल्क सुरू केले, पण जनमताच्या विरोधामुळे ते टप्प्याटप्प्याने मागे घेतले गेले. शेवटी २०१४ मध्ये लोअर सॅक्सनीनेही ते बंद केले. ‘जर्मनीत शिक्षण फुकट’ हा समज येथून रूढ झाला. तो आता सरसकट खरा नाही. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्य २०१७-१८ च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांकडून प्रतिसत्र १,५०० युरो घेते. म्युनिक तांत्रिक विद्यापीठाने २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून अशा नव्या विद्यार्थ्यांना पदवीसाठी प्रतिसत्र २,००० किंवा ३,००० युरो आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी ४,००० किंवा ६,००० युरो शुल्क लागू केले. इतरत्र बहुधा केवळ सत्र-वर्गणी भरावी लागते. अनेक ठिकाणी तिच्यात सार्वजनिक वाहतुकीच्या पासचाही समावेश असतो.

पात्रता

पदवी अभ्यासक्रमाला प्रवेश घेण्यासाठी लागणाऱ्या अर्हतेचे निकष अनाबिन या अधिकृत माहितीसंचात देशनिहाय दिलेले आहेत. भारतातील बारावी उत्तीर्ण होणे तेवढ्यानेच पुरेसे मानले जात नाही. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांनाही हाच नियम लागू होतो. बारावीतील विषय व गुणांच्या अटी पूर्ण करणाऱ्यांपुढे मुख्यतः तीन वाटा असतात. भारतातील मान्यताप्राप्त संस्थेत पदवीचे एक वर्ष यशस्वीपणे पूर्ण केल्यास त्याच विद्याशाखेत थेट अर्ज करता येतो. जेईई ॲडव्हान्स्ड उत्तीर्ण झालेल्यांना तांत्रिक व नैसर्गिक विज्ञानाच्या शाखा खुल्या होतात. उरलेल्यांसाठी श्टुडिएनकोलेग हा साधारण दोन सत्रांचा पूर्वतयारी वर्ग असतो. त्याच्या शेवटी पात्रता परीक्षा द्यावी लागते. या वर्गात शिरण्यासाठीच जर्मन भाषेचे बऱ्यापैकी ज्ञान आवश्यक असते, ही बाब अनेकांच्या उशिरा लक्षात येते.

पदव्युत्तर प्रवेशात मुख्य कसोटी पदवीच्या नावाची नसून तिच्यातील आशयाची असते. संगणकशास्त्राचा एखादा अभ्यासक्रम गणिताचे व सैद्धांतिक संगणकशास्त्राचे ठरावीक श्रेयांक मागतो. अर्जदाराच्या गुणपत्रकात ते विषय वेगळ्या नावाने असतील, तर अभ्यासक्रमाचा तपशील जोडून समकक्षता दाखवावी लागते. तीन वर्षांची भारतीय पदवी काही ठिकाणी स्वीकारली जाते, काही ठिकाणी नाही.

गुणांचे रूपांतर

जर्मन पद्धतीत १.० हा सर्वोत्तम आणि ४.० हा उत्तीर्ण होण्यापुरता गुणांक आहे. परदेशी गुणांचे रूपांतर सहसा ‘सुधारित बव्हेरियन सूत्रा’ने होते. कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करायचे, त्या फरकाला कमाल व किमान उत्तीर्ण गुणांच्या फरकाने भागायचे, आलेल्या संख्येला ३ ने गुणून त्यात १ मिळवायचा.

दहापैकी ८.२ सरासरी असलेल्या विद्यार्थ्याच्या विद्यापीठात उत्तीर्णतेची किमान पातळी ४ असेल तर त्याचा जर्मन गुणांक १.९ येतो. तीच पातळी ५ धरली तर तो सुमारे २.१ होतो. मर्यादित जागांच्या अभ्यासक्रमात हा फरक निर्णायक ठरू शकतो. म्हणून किमान उत्तीर्ण श्रेणी गुणपत्रकावर छापलेली नसल्यास विद्यापीठाकडून तसे पत्र घेणे हिताचे असते. ते न घेतल्यास तपासणारी संस्था स्वतःच्या माहितीनुसार आकडा धरते.

अर्ज

काही विद्यापीठे अर्ज थेट स्वीकारतात, तर सुमारे १७० संस्था परदेशी प्रमाणपत्रांची प्राथमिक तपासणी युनि-असिस्ट या बर्लिनस्थित संस्थेमार्फत करून घेतात. तिचे शुल्क एका सत्रातील पहिल्या पर्यायासाठी ७५ युरो आणि पुढील प्रत्येक पर्यायासाठी ३० युरो आहे. काही विद्यापीठांना युनि-असिस्टचे केवळ पूर्वतपासणी प्रमाणपत्र हवे असते. अशा वेळी ते आधी मिळवून मग विद्यापीठाकडे स्वतंत्र अर्ज करायचा असतो. तपासणीला काही आठवडे लागत असल्याने अंतिम तारखेच्या तोंडावर अर्ज केल्यास विद्यापीठाची मुदत टळण्याचा धोका राहतो.

मर्यादित जागांच्या अभ्यासक्रमांसाठी हिवाळी सत्राची १५ जुलै आणि उन्हाळी सत्राची १५ जानेवारी या रूढ तारखा आहेत. मात्र इंग्रजी माध्यमाच्या अनेक पदव्युत्तर अभ्यासक्रमांची मुदत वसंत ऋतूतच संपते. भारतीय विद्यापीठांचे अंतिम सत्राचे निकाल बहुधा त्यानंतर लागतात. त्यामुळे तोवरच्या सत्रांच्या गुणपत्रकांवर अर्ज करून सशर्त प्रवेश घेण्याचा मार्ग अवलंबला जातो, पण तो प्रत्येक विद्यापीठात उपलब्ध नसतो.

जर्मन माध्यमासाठी टेस्टडाफ किंवा डीएसएच या परीक्षा सर्वत्र परिचित आहेत. भारतात जर्मन शिकवणाऱ्या ग्योटे संस्थेची केंद्रे माक्स म्युलर भवन या नावाने मुंबई व पुणे येथेही आहेत.

एपीएस प्रमाणपत्र

१ नोव्हेंबर २०२२ पासून भारतातून विद्यार्थी व्हिसासाठी अर्ज करताना एपीएस प्रमाणपत्र सक्तीचे आहे. नवी दिल्लीतील जर्मन दूतावासाशी संलग्न असलेले हे शैक्षणिक मूल्यांकन केंद्र कागदपत्रांची सत्यता तपासते. चीनमध्ये अशी व्यवस्था २००१ पासून आहे. प्रमाणपत्राचे शुल्क १८,००० रुपये ठेवण्यात आले. अनेक विद्यापीठे ते अर्जासोबतच मागतात. तपासणीचा वेग मूळ भारतीय विद्यापीठाच्या प्रतिसादावरही अवलंबून असल्याने संपूर्ण वेळापत्रकातील हा सर्वांत अनिश्चित टप्पा म्हणता येईल.

निधीचा पुरावा

शुल्क नसले तरी निर्वाहखर्चाची रक्कम आधी दाखवावी लागते. त्यासाठी बहुतेक विद्यार्थी श्पेरकोन्टो हे प्रतिबंधित खाते उघडतात. १ सप्टेंबर २०२४ पासून त्यात वर्षाला ११,९०४ युरो ठेवणे आवश्यक झाले. त्यातून दरमहा ९९२ युरोच काढता येतात. पूर्वी ही रक्कम ११,२०८ युरो होती. शिक्षणशुल्काच्या बचतीमुळे जर्मनी निवडणाऱ्या कुटुंबासाठी खरा अडसर ही एकरकमी तरतूद असतो.

शिष्यवृत्ती हा पर्यायी पुरावा ठरतो. महाराष्ट्र शासनाच्या अनुसूचित जातींतील विद्यार्थ्यांसाठी असलेल्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीला विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट आहे. जर्मनीतील फाखहोखशूले, म्हणजे उपयोजित विज्ञानांच्या सार्वजनिक संस्था, रोजगाराभिमुख शिक्षणासाठी नावाजलेल्या असल्या तरी अशा क्रमवारीत सहसा नसतात. त्यामुळे प्रवेश मिळूनही ही शिष्यवृत्ती न मिळण्याची शक्यता संस्था निवडतानाच विचारात घ्यावी लागते.

व्हिसा व नोंदणी

प्रवेशपत्र, एपीएस प्रमाणपत्र, निधीचा पुरावा व आरोग्य विमा यांच्या आधारे राष्ट्रीय व्हिसासाठी अर्ज केला जातो. व्हिसा नाकारल्यास दूतावासाकडे फेरविचार मागण्याची सोय १ जुलै २०२५ पासून बंद झाली. त्यानंतर नवा अर्ज करणे किंवा बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दाद मागणे हेच मार्ग उरले आहेत.

प्रवेशपत्र म्हणजे प्रत्यक्ष नोंदणी नव्हे. त्यात दिलेल्या मुदतीत विद्यापीठात नाव नोंदवावे लागते, अन्यथा जागा रद्द होते. व्हिसा लांबल्यास काही विद्यापीठे उशिरा नोंदणीची मुभा देतात, काही पुढील सत्रासाठी पुन्हा अर्ज करण्यास सांगतात.