मार्व्ह लेव्हींचे चार रविवार
बफेलोजवळ ऑर्चर्ड पार्कमध्ये १९७३ पासून उभं असलेलं बिल्स या अमेरिकन फुटबॉल संघाचं स्टेडियम २०२५च्या मोसमानंतर बंद झालं. शेजारी नवं उभं राहिलंय. त्यात राज्य आणि काउंटीचे ८५ कोटी डॉलर गेले, तरी सीझन तिकिटाआधी खुर्चीच्या हक्काचे पैसे वेगळे मोजायचे. निरोपाच्या गप्पांत मार्व्ह लेव्हींचं नाव निघतं ते जुन्याच शेपटासकट: सलग चार सुपर बोल, म्हणजे मोसमाच्या अंतिम लढती, हरलेले कोच. २०२५च्या ऑगस्टमध्ये त्यांनी शंभरी गाठली, तेव्हाही हे शेपूट सुटलं नाही.

आधीची वर्षं भराभर सांगतो. शिकागोत जन्म, महायुद्धात हवाई दल, हार्वर्डमधून इतिहासात एम.ए., माँट्रियलला कॅनडातले दोन ग्रे कप, आणि कॅन्सस सिटीने पाच मोसमांनंतर दिलेला नारळ.

१९८६च्या मोसमाच्या मध्यावर ते बफेलोत आले. शेजारच्या लॅकवानातल्या पोलाद कारखान्याच्या भट्ट्या थंडावून तीन वर्षं झाली होती. माझ्या नोकरीची पहिली वर्षं त्याच शहरात गेली. सोमवारी कचेरीतल्या माणसांचे चेहरे बघून रविवारचा निकाल कळायचा. बाकीचे संघ प्रत्येक चालीनंतर घोळका करून हुकुमाची वाट बघत. बिल्स थांबतच नसत. क्वार्टरबॅक जिम केली मैदानावर उभ्याउभ्या चाल ठरवायचा, समोरच्यांना धाप लागायची. ही मोकळीक लेव्हींनी दिली होती. सलग चार सुपर बोल आजवर दुसरा कुठलाही संघ खेळलेला नाही. चारदा हरायला चारदा तिथवर पोचावं लागतं, एवढं तरी टीकाकारांनी ध्यानात घ्यावं.

२७ जानेवारी १९९१, टॅम्पा. त्या चारांतला पहिला सुपर बोल, समोर जायंट्स. आठ सेकंद उरलेले, ४७ यार्डांची किक. बिल्सच्या स्कॉट नॉरवूडचा चेंडू उजवीकडून बाहेर. जायंट्स २०, बिल्स १९. जायंट्सनी चाळीस मिनिटांहून जास्त चेंडू स्वतःकडे ठेवला होता, पण खापर एका पायावर. (जायंट्सच्या बचावाची आखणी करणारा बिल बेलिचिक पुढे महान ठरला, ते टीकाकार सोयीस्करपणे विसरतात.) दुसऱ्या दिवशी नायगारा चौकात हजारो माणसं जमली आणि नॉरवूडच्याच नावाचा घोष झाला. लेव्हींनी तेव्हा त्याला संघातून काढलं नाही. पुढच्या जानेवारीत डेन्व्हरला १०-७ हरवताना त्याचीच किक कामी आली.

आणि ३ जानेवारी १९९३, बाद फेरीचा सामना. ह्यूस्टन ३५-३ पुढे, केली जखमी, मैदानात राखीव फ्रँक रीच. सगळी तिकिटं खपली नाहीत म्हणून बफेलोतच टीव्हीवर सामना बंद! आम्ही रेडिओला कान लावून बसलो. ४१-३८, जादा वेळेत, बिल्स.

पुढच्या तीन सुपर बोलांत वॉशिंग्टनने एकदा, डॅलसने दोनदा धुतलं. तिथे लिहिण्यासारखं काही नाही.

१९९७नंतर लेव्ही निवृत्त झाले, २००१मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेले. २००६मध्ये ऐंशीच्या घरात जनरल मॅनेजर होऊन परतले. ते झालं नसतं तर बरं. दरम्यान केलीला मिळालेली ती मोकळीकही गेली: १९९४पासून क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये रेडिओ बसलाय. आताचे कोच हॉटेलच्या मेनूकार्डाएवढा कागद तोंडापुढे धरून चाल कुजबुजतात. केली आज खेळत असता, तर कानातल्या माणसाचं ऐकत नाही म्हणून त्याला बाकावर बसवलं असतं.